बन्नेरघट्ट्यात सहज पडलेली गाठ

बेळगाव स्टेशनवर आई मला पोचवायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पाहूनच मला संशय यायला हवा होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी बंगळूरला मावशीकडे जावं, थंड हवा खावी, जवळपासच्या रानात हिंडावं, जनावरं-पाखरं बघावीत, असा तिने धोशाच लावला होता. आमच्या घरात वळचणीला चिमण्यांनी घरटं केलं तर केरसुणीने पाडणारी ही बाई. तिला एकाएकी पाखरांचा पुळका कुठून आला, हे मी विचारायला हवं होतं. पण मुलींच्या शाळेत वर्षभर भूगोल शिकवून डोकं इतकं भणाणलं होतं की मी मुकाट्याने गाडीत बसले.

मीटर गेजची गाडी रात्रभर डोळ्यांत कोळशाचे कण भरत धावली. सकाळी तुमकूरला एक जरीकाठी उपरण्यातले गृहस्थ डब्यात चढले. मी कुठून आले, कुणाकडे चालले, घरात कोण कोण असतं, हे सगळं कानडीतून विचारून झाल्यावर त्यांनी माझ्या ट्रंकेकडे काळजीने पाहिलं.

"स्वेटर आणला नाही?"

"मे महिना आहे," मी म्हटलं.

"तो तुमच्याकडे. आमच्या बंगळूरला पंखा लागत नाही, ठाऊक आहे ना?"

पुढे महिनाभर हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते नगरपालिकेने पाठ करून घेतलं असावं असं वाटू लागलं. हवा ही देवाची देणगी आहे असं आपण समजतो. इथल्या माणसांना ती आपण स्वतः कष्टाने तयार केली असं वाटतं. राज्यांची फेरमांडणी झाल्यापासून हे शहर आमची राजधानी झालं आहे. आम्हाला विचारून कोणी ते केलं नाही, तेव्हा त्याची स्तुती करण्याची जबाबदारीही माझ्यावर नाही.

मावशीचं घर चामराजपेटेत. स्टेशनवरून जटक्याने (टांग्याने) गेले. दारात अण्णा उभे होते, म्हणजे मावशीचे यजमान. मे महिन्यात गळ्याला मफलर. अण्णांचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि हवा आवडली म्हणून परत गेलेच नाहीत, असं ते स्वतःच सांगतात. फौजेतला माणूस हवेपायी लढाई विसरतो, तर त्याच्या वंशजांकडून काय अपेक्षा करायची? अण्णा पोस्टात नोकरी करतात आणि घरात एकच शब्द बोलतात: "सरी." म्हणजे बरं, ठीक, चालेल. मावशीने काही म्हटलं की सरी. मुलीने त्याच्या बरोबर उलट म्हटलं तरी सरी.

ही मुलगी म्हणजे पद्मा, माझी मावसबहीण. नुकतीच इंटर पास झाली होती आणि जूनमध्ये तिला बी.एस्सी.ला जायचं होतं, प्राणिशास्त्र घेऊन. ती बागेतल्या सरड्यांना नावं देत असे आणि जेवताना मुंग्यांच्या रांगा बघत असे. मावशीचं म्हणणं, चांगलं स्थळ येईपर्यंत शिकू दे, आलं की कॉलेज बंद. पद्माचं म्हणणं, स्थळ आलं तरी आधी कॉलेज. अण्णांनी दोघींनाही सरी म्हणून ठेवलं होतं, त्यामुळे घरात शांतता होती.

जेवणाचं काय सांगू! आधी भात, मग भात, आणि शेवटी तोंड पुसायला दहीभात. मधूनच लिंबू पिळलेला पिवळा भात येतो, त्याला चित्रान्न म्हणतात. भाकरीची आठवण काढली तर मावशी म्हणाली, "इथल्या हवेला भाकरी जड पडते गं." पुन्हा हवा. काफी मात्र उत्तम, हे मान्य करते. पितळेच्या पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून तिला फेस आणतात आणि ती प्यायल्यावर माणूस थोडा वेळ कोणालाही क्षमा करू शकतो.

पहिल्या आठवड्यात अण्णांनी आम्हाला 'रानं' दाखवली. पहिलं रान लालबाग. तिथे झाडांच्या गळ्यात नावांच्या पाट्या आहेत आणि स्वेटर घातलेली माणसं त्या पाट्या वाचत फिरतात, झाडाकडे कोणी बघत नाही. एका खारीभोवती अख्खं कुटुंब कोंडाळं करून उभं होतं. दुसरं रान म्हणजे येलहंक्याचं तळं. तिथे मोठमोठे झोळीवाले पक्षी असतात, असं अण्णा बसमध्ये सगळ्या वाटेने सांगत होते. पोचलो तर उन्हाळ्याने तळं आटून भेगाळलेलं, मधल्या डबक्यात म्हशी, आणि म्हशीच्या पाठीवर एक बगळा. "स्वल्प लवकर यायला पाहिजे होतं," अण्णा म्हणाले. स्वल्प म्हणजे थोडं. त्यांच्या मते सकाळी आलो असतो तर पाणी असतं.

मग एका संध्याकाळी मावशीने जाहीर केलं की शनिवारी बन्नेरघट्ट्याला जायचं. डोंगरावर देऊळ आहे आणि पलीकडे खरं रान. हत्ती येतात, सांबरं येतात, अस्वलं तर गावच्या माणसांसारखी हिंडतात. मला खरोखर आनंद झाला. इतक्या दूर येऊन म्हशीवरचा बगळा बघून परतणं माझ्या जिवावर आलं होतं.

शनिवारी सकाळी मावशीने माझ्यासमोर हळदी रंगाची, जांभळ्या काठाची रेशमी साडी ठेवली. तिच्या लग्नातली.

"रानात रेशमी?" मी विचारलं.

"देवळात जायचं की आधी. नेस गं, शोभेल तुला."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर पद्मा माझ्या कानाशी लागली. "कुसुमक्का, तुला बघायला येणार आहेत. बसवनगुडीचे आहेत. आमच्याकडे घरी येऊन बघत नाहीत. देवळात नाहीतर बागेत दोन्हीकडची माणसं जातात आणि सहज गाठ पडली असं म्हणतात. म्हणजे नापसंत झाली तर कुणी कुणाला नकार दिला असं होत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईचं स्टेशनवरचं समाधान, पाखरांचा पुळका, सगळ्याचा उलगडा झाला. जनावरं बघायला म्हणून मला इथवर आणलं होतं, आणि बघायचं जनावर मीच होते! तरी मी ठरवलं की जायचं. त्यांना काय तो फार्स करू दे. त्यांनी विचारलं की चारचौघांत असं खणखणीत 'नाही' म्हणेन की बसवनगुडीपर्यंत ऐकू जाईल. मी माझी रोजची सुती साडी नेसले आणि रेशमी साडी घडी न मोडता तिथेच ठेवली.

ती पद्माने उचलली. आईच्या त्या साडीवर तिचा लहानपणापासून डोळा होता. बसची वेळ झाली तेव्हा दारात मावशीने तिला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अय्यो, ही तू का नेसलीस?"

"अक्काला नको होती. नुसती जनावरं तर बघायची आहेत, कोण नेसलं म्हणून काय झालं?"

खरं कारण तिने मला सांगितलेलंच नव्हतं, मग आता काय सांगणार? आणि साडी बदलायला थांबलो असतो तर मार्केटवरून सुटणारी बस हुकली असती.

बन्नेरघट्ट्याच्या देवळाच्या पायऱ्यांजवळ एक मोटार उभी होती आणि तिच्यापाशी गोल, ठसठशीत कुंकवाच्या एक बाई. आम्हाला बघताच त्यांनी दोन्ही हात गालांना लावले.

"अय्यो, तुम्ही इथे! बघा की, देवाच्या मनात असलं की कशी गाठ पडते!"

"आम्हीपण सहज आलो की, अंबक्का," मावशी म्हणाली. दोघी इतकं वाईट नाटक करत होत्या की देवळाच्या ओवरीतला भिकारीसुद्धा हसला.

अंबक्कांची नजर माझ्यावरून घसरली आणि हळदी साडीवर जाऊन चिकटली. तेव्हा मला कळलं की साडी ही खूण होती. मध्यस्थाने सांगितलं असणार, हळदी रेशमी साडीतली ती मुलगी. पद्माला त्यांनी बाजूला बसवून घेतलं, प्रसाद आपल्या हाताने दिला, नाव विचारलं, काय येतं विचारलं. मावशी जवळ उभी राहून पदराचं टोक चावत होती. ही नव्हे, ती, असं सांगायचं तर आधी कबूल करायला हवं होतं की बघण्याचा कार्यक्रम आहे. ते कबूल करण्याची इथे रीत नाही. मला आधी हसू आलं. मग जरा कमी आलं.

मोटारीतून मुलगा उतरला. नागेशराव. गुडघ्यापर्यंत खाकी विजार, डोक्यावर साहेब लोक जाताना विसरून गेल्यासारखी भेंडाची टोपी, गळ्यात भलीमोठी दुर्बीण. त्यांना वन्य प्राण्यांचा नाद आहे, अंबक्कांनी सांगितलं. साहेब गेले, पण त्यांच्या विजारी अजून इथे हिंडतात.

देवळामागून आम्ही रानात उतरलो. पुढे नागेशराव, मग अंबक्का आणि पद्मा, मग चित्रान्नाचे डबे खणखणवत अण्णा आणि मावशी, आणि सर्वांत मागे मी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. एका ओढ्याच्या काठावर मोठा खडक होता. ओढा आटलेला, मध्ये एकच हिरवट डबकं. नागेशरावांनी आम्हाला ओळीने बसवलं.

"रानात तोंडातून शब्द काढायचा नाही. जनावर आलं तरी हलायचं नाही. पळणारा माणूस मरतो. मी कितीदा तरी समोरासमोर पाहिलंय."

हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला आणि त्यांचा आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येत होता. मग त्यांनी दुर्बीण आकाशाकडे रोखली. "गरुड!"

ती घार होती. बेळगावच्या मटण मार्केटवर अशा घिरट्या घालतात. मी गप्प बसले, कारण नवऱ्या मुलाला शिकवण्याचं काम माझ्याकडे कोणी दिलं नव्हतं.

"मला स्वल्प बघू द्या की," पद्माने हात पुढे केला.

"बेडा, बेडा (नको, नको). जर्मन काच आहे. बायकांच्या हाताला लागली की मळते."

डबे उघडले. अंबक्का दुखरे गुडघे चोळत आपल्या घरातल्या खोल्यांचं वर्णन करू लागल्या. एवढ्यात ओढ्यापलीकडच्या झुडपांतून घोरल्यासारखा, फुरफुरल्यासारखा आवाज आला आणि एक काळंभोर, केसाळ तोंड बाहेर आलं.

"करडी! करडी!" नागेशराव ओरडले. करडी म्हणजे अस्वल. बाकीचं वाक्य त्यांनी पळता पळता पूर्ण केलं. टोपी एकीकडे, दुर्बीण खडकावर. त्यांच्यामागे अंबक्का निऱ्या वर खोचून अशा सुटल्या की त्यांचा गुडघेदुखीचा विकार त्या डोंगरावरच राहिला असावा. अण्णांनी मावशीचा हात धरून ओढलं आणि "पद्मा! कुसुम!" अशा हाका मारत तेही झाडीत गेले.

आम्हीही पळालो असतो. खोटं कशाला बोलू? पण पद्माच्या त्या रेशमी साडीचा पदर बोरीच्या काट्यांत अडकला होता, आणि तिला सोडून जाणं मला जमेना. आम्ही दोघी एकमेकींना धरून खडकाला चिकटून बसलो.

अस्वल बाहेर आलं. त्याच्या पाठीवर पिल्लू होतं. आईच्या लांब केसांत नखं रुतवून ते पालथं पडलं होतं, फक्त दोन कान आणि मातकट नाक दिसत होतं. अस्वलीने डबक्यात तोंड घातलं आणि ती मोठ्याने आवाज करत पाणी प्यायली. मग वारुळापाशी गेली, मागच्या पायांवर बसली आणि नखांनी माती उकरून आत नळीसारखी फुंकर मारली. पिल्लू घसरलं, किंचाळलं, पुन्हा केस धरून वर चढलं. पद्माने नकळत खडकावरची दुर्बीण उचलली होती. तिने डोळ्यांना लावली आणि मग माझ्या हातात दिली. त्या काचेतून मला पिल्लाच्या ओठांवरचे मातीचे कण दिसले.

त्या घटकेला मी बंगळूरच्या हवेसकट सगळ्यांना माफ केलं होतं. भीती होतीच, पण तिच्याहून मोठा आनंद होता. अस्वली एकदा आमच्या दिशेने नाक वर करून थांबली, मग वळली आणि पिल्लाला घेऊन झुडपांत शिरली. पद्मा रडत होती. "अक्का, मला हेच शिकायचंय," ती म्हणाली.

देवळापाशी परतलो तेव्हा मावशीने आम्हाला कवटाळलं. अण्णा दोन गावकरी घेऊन उलट निघालेच होते. नागेशराव मोटारीत होते, मे महिन्यात काचा वर करून.

"आमचा नागेश गाडी चालू करायला पुढे आला," अंबक्कांनी कोणी न विचारता सांगितलं. मग त्यांनी पद्माकडे कौतुकाने पाहिलं, आपल्या केसांतल्या मल्लिगेच्या (मोगऱ्याच्या) माळेचा तुकडा तोडला आणि तिच्या वेणीत खोवला. "मुलगी धीराची आहे. आमच्या घराला अशीच हवी. आषाढाच्या आत उरकून टाकू. कॉलेज-बिलेज आता कशाला? काय म्हणता?"

मला खरं सांगायचं तर आत कुठेतरी टोचलं. इतक्या तयारीने आणलेलं माझं 'नाही' कोणी मागितलंच नाही. नको असलेलं स्थळ का असेना, आपल्यावरून नजर घसरून पुढे गेली की वाईट वाटतंच. पण मी पद्माकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती आईकडे बघत होती. मावशीच्या डोळ्यांपुढे बसवनगुडीच्या त्या सगळ्या खोल्या उभ्या राहिलेल्या मला स्पष्ट दिसल्या.

"भाग्यच की आमचं..." मावशीने सुरुवात केली.

"कशाबद्दल विचारताय, अंबक्का?" मी मध्येच म्हटलं. "आपली तर सहज गाठ पडली. तुम्ही देवदर्शनाला आलात, आम्ही जनावरं बघायला. बघितली आम्ही. अस्वलाबद्दल विचारत असाल तर आम्हाला फार आवडलं."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की तेवढ्यात मी बेळगावला पोचले असते तर बरं झालं असतं. आणि मग अण्णांनी घसा साफ केला. ते सरी म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. मुलीची दोन वर्षांची मेहनत या माणसाच्या एका सरीने आता वाहून जाणार होती.

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "सहज गाठ पडली, सहज निघू या. बस चुकेल. पद्माला जूनमध्ये कॉलेज आहे, त्याआधी पुस्तकं बघायची आहेत."

त्या घरात मी ऐकलेलं हे त्यांचं सर्वांत मोठं भाषण.

अंबक्का पदर सावरून म्हणाल्या, "तसंच की. आम्ही तरी कुठे काय म्हटलं?" आणि मोटारीत जाऊन बसल्या. त्या रीतीची मी सकाळपासून इतकी टर उडवली होती, पण शेवटी तिचाच उपयोग झाला. कोणी विचारलं नव्हतं, कोणी नाकारलं नव्हतं.

बसमध्ये मावशी आमच्यापैकी कोणाशीच बोलली नाही. घरी आल्यावर पद्माने पदराखालून दुर्बीण काढली. गडबडीत ती तिच्याकडेच राहिली होती. दुसऱ्या दिवशी अण्णा ती परत करायला बसवनगुडीला गेले आणि तिच्यासकट परत आले.

"काय झालं?" मावशीने विचारलं. हे तिचे आमच्याशी पहिले शब्द.

"अंबक्का म्हणाल्या, आमची नव्हे. आमचा नागेश आपली वस्तू रानात टाकून पळून येणारा मुलगा नाही."

"आणि तो?"

"तो मागे उभा होता. दुर्बिणीकडे बघत होता." अण्णांनी ती पद्मापुढे ठेवली. "सरी. ठेव मग."

मावशीने हसू दाबण्याचा प्रयत्न केला, पण तिला ते साधलं नाही.

जूनच्या आधी मी परत निघाले. अण्णा मफलर गुंडाळून स्टेशनवर आले होते आणि पुढच्या मे महिन्यात ये, हवा छान असते, असं सांगत होते. आईला काय सांगायचं ते मी गाडीत बसायच्या आधीच ठरवलं होतं: जनावरं बघितली, हवा बरी होती, सहज म्हणून कोणाशीही गाठ पडली नाही. या शहराबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. ज्या गावात माणूस माणसाला बघतानाही बघत नाही असं दाखवतो, त्या गावाची हवा कितीही थंड असो, मला ती मानवणार नाही.

गाडी हलली. पद्माने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि माझ्यावर रोखली. फलाट वळणाआड जाईपर्यंत तिने दुर्बीण खाली घेतली नाही. त्या सबंध सुट्टीत मला कोणी इतकं नीट बघितलं नव्हतं. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हात हलवत राहिले, डोळ्यांत कोळसा जात होता तरी.